बडोद्याच्या उन्हात गुळगुळीत बटरक्रीम : लोण्यापासून वरच्या कडेपर्यंत

बटरक्रीमचा केक गुळगुळीत आला नाही की घरी केक करणारे आधी स्क्रेपर (क्रीम सपाट करायची पट्टी) बदलतात, मग टर्नटेबल (केक ठेवून फिरवायची गोल चकती) बदलतात, मग मनगट कसं वळवायचं याचे व्हिडिओ बघत बसतात. हाताचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात शेवटी येतो. केक सपाट आणि सरळ उभा आहे का, लोणी किती गार आहे आणि फेटताना शिरलेली हवा क्रीममधून निघाली आहे का, या तीन गोष्टी जमल्या की पहिल्यांदा स्क्रेपर धरणारीचा केकही बऱ्यापैकी नेटका दिसतो. त्या बिघडल्या तर कितीही हात फिरवा, भोकं आणि ओरखडे जायचे नाहीत.

त्यातही बडोद्यात सगळ्यात जास्त सतावतं ते लोण्याचं तापमान. बटरक्रीमच्या बहुतेक कृती थंड हवेच्या देशांतून आलेल्या. 'लोणी खोलीच्या तापमानाला आणा' असं त्यात लिहिलेलं असतं, तेव्हा ती खोली २० अंश सेल्सिअसच्या आसपासची धरलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या वर जातो, आणि दुपारचं स्वयंपाक आटोपलेलं घर ३४-३५ अंशांवर सहज असतं. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. म्हणजे कृतीत लिहिल्याप्रमाणे लोणी ओट्यावर ठेवून निवांत बसलं, तर तासाभरात पातेल्यात तुपाकडे निघालेला पिवळा गोळा हाती येतो. म्हणून पुढे जे सांगते आहे त्यात घड्याळापेक्षा थर्मामीटरवर भर आहे. स्वयंपाकघरात वापरायचा साधा डिजिटल, टोकदार थर्मामीटर फार महाग नसतो. टर्नटेबलच्या आधी तो घ्या.

कोणतं बटरक्रीम निवडायचं

बेकरीतल्या केकवर जे पांढरं, हलकं क्रीम असतं ते बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं, दुधाशी संबंध नसलेलं व्हिप असतं. ते गार असताना छान पसरतं, पण त्यात लोण्याची चव नाही, आणि त्याला लावायची पद्धतही वेगळी. हा लेख लोण्याच्या क्रीमचा आहे.

सर्वांत सोपं म्हणजे लोणी आणि आयसिंग शुगर एकत्र फेटून होणारं, ज्याला अमेरिकन बटरक्रीम म्हणतात. ते गोड असतं, तक्रार करायला जागा आहे. पण साखर भरपूर असल्यामुळे उन्हाळ्यात तेच जास्त टिकतं आणि त्यावर वाळून पातळ पापुद्रा येतो, जो पुढे कामाला येतो. दुसरं, शिजवलेल्या मैद्याचं : २५० मिली दुधात ४० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम साखर घालून मंद आचेवर सतत ढवळत कस्टर्डपेक्षा घट्ट होईपर्यंत शिजवायचं, पृष्ठभागाला चिकटून क्लिंग फिल्म लावून पूर्ण गार करायचं, आणि २५० ग्रॅम फेटलेल्या लोण्यात चमचा-चमचा घालत जायचं. गोडी कमी, पोत मलईदार, आणि स्क्रेपरखाली अगदी मऊ पसरतं. हिवाळ्यात मला हेच आवडतं. मेमध्ये मात्र एसी नसेल तर याच्या वाटेला जाऊ नका. तिसरं स्विस, ज्यात अंड्याचा पांढरा बलक आणि साखर ७१ अंशांपर्यंत गरम करून फेटतात. फिनिश त्याचं सगळ्यात सुंदर येतं, पण बडोद्यात वाढदिवसाला येणाऱ्या निम्म्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न 'एगलेस छे ने?' हा असतो, त्यामुळे ते इथे बाजूला ठेवते. पहिल्या दोन्हींत अंडं नाही.

पुढची मापं अमेरिकन बटरक्रीमची, ६ इंची, तीन थरांच्या, साधारण १० सेंटीमीटर उंच केकसाठी : ३०० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ४५० ग्रॅम आयसिंग शुगर, २ ते ३ मोठे चमचे दूध, दीड चमचा व्हॅनिला, चिमूटभर मीठ. यात आतले दोन थर, खालचा पातळ हात आणि बाहेरचा जाड थर होऊन थोडं उरतं. उरायलाच हवं. क्रीम जेमतेम असलं की माणूस ते जपून, पातळ लावतो आणि पातळ थर कधीच गुळगुळीत होत नाही; घासून काढायला वर काहीतरी हवं.

लोणी आणि साखर

आणंद इथून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे लोण्याची चणचण आपल्याला नाही. पण पोळीवर लावतो ते पिवळं, खारं अमूल बटर आणि बिनमिठाचं पांढुरकं बटर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. केकला बिनमिठाचं घ्या. ते कोपऱ्यावरच्या दुकानात नसेल तर मोठ्या दुकानाच्या फ्रीझरमध्ये बघा. नाइलाजाने एक तृतीयांश खारं आणि बाकी बिनमिठाचं असं चालतं, मग वरून मीठ घालू नका. खारं लोणी बर्फाच्या पाण्यात धुऊन मीठ काढायचा उद्योग काही जण करतात. त्यात मीठ थोडं जातं आणि पाणी आत शिरतं, म्हणजे एक गेलं आणि दुसरं आलं.

"घरी दोन वाट्या लोणी काढलंय, ते का नको गं?" हा प्रश्न प्रत्येक मराठी घरात एक तरी काकू विचारतेच. कारण पाणी, काकू. विकतच्या लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश असतो आणि पाण्याचं प्रमाण १६ टक्क्यांच्या वर जात नाही. ताक घुसळून काढलेल्या लोण्यात पाणी आणि ताकाचा अंश किती राहिला हे दर वेळी बदलतं. त्यात साखर पडली की ते पाणी सुटतं आणि क्रीम फुटतं. वर ताकाचा आंबूसपणा व्हॅनिलाशी जमत नाही. त्या लोण्याचं तूप कढवा, ते त्याचं खरं काम.

आयसिंग शुगरच्या पाकिटात साखर गुठळ्या होऊ नये म्हणून थोडं कॉर्नफ्लोअर असतं. घरी मिक्सरवर साखर दळली तर १०० ग्रॅमला एक चमचा कॉर्नफ्लोअर घाला. आणि दळलेली असो वा विकतची, साखर अगदी बारीक चाळणीतून दोनदा चाळा. ही पायरी सगळे गाळतात. साखरेचा एक न विरघळलेला कण स्क्रेपरच्या धारेखाली अडकला की तो केकभर फिरतो आणि गोल, सरळ, केसाएवढी रेघ ओढत जातो. मग आपण ती रेघ बुजवायला परत क्रीम लावतो, परत फिरवतो आणि कण तिथेच असतो. ओरखडे दिसले की हाताला दोष देण्याआधी क्रीम जिभेवर घेऊन टाळूला घासून बघा. खरखर लागली तर उत्तर मिळालं.

केक आधी सरळ उभा करा

केक आदल्या दिवशी भाजा. पूर्ण गार झाला की क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दही किंवा कन्डेन्स्ड मिल्क घालून केलेला एगलेस केक ताजा असताना फार मऊ आणि भुसभुशीत असतो, सुरी लागली की चुरा. गार केक नीट कापला जातो.

सकाळी वरचा फुगवटा कापून टाका. दातेरी ब्रेडची सुरी सपाट धरून, केक फिरवत आधी सगळीकडून बोटभर खाच पाडा आणि मग आत शिरा. सुरी वरखाली होत असेल तर सोपा उपाय म्हणजे दोरा : केकच्या कडेला सारख्या उंचीवर सहा-सात टूथपिक टोचायच्या, त्यांच्यावर टेकवून शिवणाचा जाड दोरा गुंडाळायचा, दोन्ही टोकं पुढे एकमेकांवरून ओलांडून हळूहळू ओढायची. सपाट कापला जातो. प्रत्येक थर अडीच सेंटीमीटरचा ठेवा. मऊ ब्रशने भुगा झटका.

केक बोर्डवर क्रीमचा एक ठिपका लावून पहिला थर चिकटवा, म्हणजे फिरवताना केक घसरणार नाही. साखरेचं पाणी शिंपडायचं असेल तर हात आखडता ठेवा. भिजलेला केक स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि बाजूंनी फुगतो. मध्ये अननस क्रश, आंब्याचा गर असं काही ओलसर भरणार असाल तर आधी कडेने घट्ट क्रीमचं बोटभर जाड कडं काढा आणि गर त्या कड्याच्या आत, कड्यापेक्षा कमी उंचीवर भरा. सगळ्यात वरचा थर उलटा ठेवा. भांड्याच्या तळाशी असलेली बाजू वर आली की पृष्ठभाग सपाट मिळतो, काठ धारदार मिळतो आणि भुगाही सुटत नाही.

आता थांबायचं. रचलेला केक लगेच बाहेरून लेपला तर काही तासांनी थरांमधली कोंडलेली हवा आणि भरलेला गर बाहेर ढकलले जातात आणि केकच्या कमरेभोवती एक फुगवटा येतो. काल गुळगुळीत केलेला केक आज पट्टा बांधल्यागत दिसतो तो यामुळे. रचून झाल्यावर वर एक हलका बोर्ड, त्यावर पाव किलोचं काहीतरी, आणि दोन-तीन तास फ्रिजमध्ये. केकला जे बसायचं ते क्रीमच्या आधी बसू दे.

या मधल्या वेळात टर्नटेबल तपासा. मोबाइलमध्ये पातळी दाखवणारं ॲप असतं, ते टर्नटेबलवर ठेवून बघा. ओटा उतरता असेल तर खाली कागदाची घडी द्या. टर्नटेबल सरकू नये म्हणून ओलं फडकं. मग मुलांच्या कंपासपेटीतला गुण्या घ्या, धुऊन पुसून बोर्डवर उभा करा आणि त्याला स्क्रेपर लावून बघा. स्क्रेपरचा कोन काटकोनात नसेल, आणि स्वस्त प्लास्टिकचे बरेच नसतात, तर तुमचा केक वर निमुळता किंवा वर रुंद होणारच. स्टीलचा, जाड पत्र्याचा, केकपेक्षा उंच स्क्रेपर घ्या. तो मिळेपर्यंत स्टेशनरीच्या दुकानातली नवी कोरी स्टीलची पट्टीही चालते, फक्त तिचं टोक चौकोनी हवं.

क्रीम फेटणं, आणि त्याहून महत्त्वाचं, मोडणं

लोणी १८ ते २० अंशांवर असताना फेटायला घ्यायचं. थर्मामीटर नसेल तर बोटाने दाबा : खड्डा पडला पाहिजे, पण बोट वर आल्यावर त्यावर तुपकट चमक दिसता कामा नये. चमक दिसली म्हणजे लोणी पुढे गेलं. मेमध्ये फ्रिजमधून काढून सुपारीएवढे तुकडे केले की दहा-बारा मिनिटांत ते या अवस्थेला येतं. जानेवारीत, उत्तरायणाच्या आसपास, दीड तासही लागतो, आणि हेच बटरक्रीमसाठी बडोद्यातले सर्वांत चांगले दिवस. उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरुवात करा, नाहीतर एसीच्या खोलीत टेबल मांडा. पंख्याने तुम्हाला बरं वाटेल, लोण्याला काही फरक पडत नाही.

लोणी एकटंच पाच ते सात मिनिटं फेटा, फिकट होईपर्यंत. मग साखर तीन-चार वेळा करून घाला, प्रत्येक वेळी मिक्सर सर्वांत हळू. शेवटी मीठ, व्हॅनिला आणि दूध चमचा-चमचा. उन्हाळ्यात दूध गारच घाला. हँड मिक्सरच्या घर्षणानेही क्रीम तापतं, त्यामुळे मध्येच थर्मामीटर घाला. २३-२४ च्या वर गेलं तर भांडं दहा मिनिटं फ्रिजमध्ये.

इथपर्यंत सगळेच येतात. आता क्रीम हलकं, फुललेलं दिसतं आणि आपण खूश होतो. पण ते फुलणं म्हणजेच हवा, आणि केकवर स्क्रेपर फिरवल्यावर जी बारीक बारीक भोकं उघडी पडतात ती हीच. मिक्सर बाजूला ठेवा. रबरी किंवा लाकडी उलथण्याने क्रीम भांड्याच्या कडेवर दाबून ओढत जा, परत गोळा करा, परत दाबा. पाच ते आठ मिनिटं. नीट ऐकलं तर सुरुवातीला बुडबुडे फुटल्याचा बारीक चटचट आवाज येतो, तो हळूहळू थांबतो. क्रीम आधीपेक्षा आकारमानाने थोडं कमी आणि जास्त तुकतुकीत दिसू लागतं. उलथणं ओढल्यावर मागे पडलेल्या पट्ट्यात एकही छिद्र नाही, तेव्हा झालं.

हात दुखत असेल तर दुसरा मार्ग : क्रीमचा साधारण चौथा हिस्सा वेगळा काढून मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद, नुसतं ओघळण्याइतकं गरम करा आणि बाकीच्या क्रीममध्ये ओतून हाताने ढवळा. पोत एकदम मऊ होतो. हिवाळ्यात हा उपाय अगदी छान. उन्हाळ्यात नको, आधीच काठावर असलेलं क्रीम त्याने वितळेल.

मेमध्ये केक तासभर बाहेर राहणार असेल तर १०० ग्रॅम व्हाइट चॉकलेट वितळवून, कोमट करून शेवटी मिसळा. फ्रिजमध्ये त्याने थर कडक बसतो आणि बाहेर थोडा जास्त वेळ धरून राहतो. मग साखर पन्नासेक ग्रॅम कमी करा. काही जण यासाठी चौथा हिस्सा लोण्याऐवजी वनस्पती शॉर्टनिंग (वनस्पती तेलाची घट्ट चरबी) घालतात. टिकतं खरं, पण टाळूला मेणचट थर बसतो, मला ते पटत नाही.

पांढरं शुभ्र क्रीम हवं असेल तर टूथपिकच्या टोकावर येईल इतकाच जांभळा जेल रंग घाला. लोण्याचा पिवळेपणा त्याने मारला जातो. जरा जास्त झाला की क्रीम राखाडी. गडद लाल, गडद निळा असे रंग काही तासांत आपोआप आणखी गडद होतात, ते आदल्या संध्याकाळी कालवून ठेवा आणि मनासारखी छटा येण्याच्या जरा अलीकडेच थांबा.

पहिला पातळ हात

याला क्रंब कोट म्हणतात, आणि काम एकच : भुगा जागच्या जागी बांधून टाकणं. थोडं क्रीम वेगळ्या वाटीत काढून घ्या, म्हणजे भुगा लागलेला स्पॅच्युला मुख्य भांड्यात जाणार नाही. केक आतून दिसेल इतका पातळ थर लावा, थरांमधल्या फटी दाबून भरा, स्क्रेपर एकदा फिरवा. देखणेपणाची चिंता इथे नको, सरळपणाची हवी. केक एका बाजूला झुकलेला असेल तर ते आत्ताच क्रीमने भरून घ्या. मग २० ते ३० मिनिटं फ्रिज. बोट लावल्यावर क्रीम बोटाला न चिकटलं की पुढे.

फ्रिजमधली जाळीही सपाट आहे ना बघा. मऊ क्रीमचा उंच केक उतरत्या जाळीवर अर्धा तास राहिला की थर हलतात.

खरा थर

गवंडी गिलावा करताना आधी भिंतीवर भरपूर माल मारतो आणि मग पट्टी फिरवून जास्तीचा काढतो. इथेही तसंच, लावायचं जास्त आणि काढायचं हळूहळू. आधी वरचा भाग. मोठा गोळा मध्यावर टाका, ऑफसेट स्पॅच्युलाने (दांड्याजवळ वाकवलेल्या लांब, बोथट पात्याने) पसरवत कडेच्या बाहेर बोटभर लोंबू द्या. मग बाजू : खालून वर, पाऊण ते एक सेंटीमीटर जाड. पायपिंग बॅगमधून केकभोवती एकावर एक कडी काढली तर जाडी सगळीकडे सारखी पडते, सुरुवातीला हीच पद्धत बरी. बोर्ड दिसत नाही, फटी राहिल्या नाहीत, हे एकदा सगळीकडून पाहून घ्या.

आता स्क्रेपर. खालची कड बोर्डवर टेकलेली, उभी धार केकला समांतर, आणि पातं केकच्या पृष्ठभागाशी साधारण ४५ अंशांत, तुमच्याकडे उघडलेलं. स्क्रेपर धरलेला हात कोपरापासून शरीराला टेकवून स्थिर करा. फिरतो तो केक. दुसरा हात शक्य तितका मागे नेऊन टर्नटेबल धरा आणि न थांबता, एकाच लयीत जितकं फिरवता येईल तितकं फिरवा. थांबलं की तिथे उभी खूण पडते. म्हणून थांबायच्या आधी स्क्रेपर हळूच बाहेर काढत सोडून द्या, खटकन उचलू नका.

प्रत्येक फेरीनंतर धार पुसा. एका बाजूला ओलं, एका बाजूला कोरडं फडकं हाताशी ठेवा. पहिल्या फेरीनंतर खड्डे दिसतील, तिथे जास्तीचं क्रीम लावा, नुसता खड्डा भरण्याइतकं नको, वर आलेलं हवं. परत फिरवा. दाब मात्र वाढवायचा नाही. गुळगुळीत होत नाही म्हणून जोर केला की खालचा केक दिसायला लागतो आणि भुगा वर येतो.

तीन-चार फेऱ्या झाल्या की थांबा, अजून जरा बारीक खुणा असल्या तरी. या टप्प्यावर क्रीम हाताच्या आणि खोलीच्या उष्णतेने मऊ पडलेलं असतं आणि प्रत्येक जास्तीची फेरी ते बिघडवते. केक १५-२० मिनिटं फ्रिजमध्ये जाऊ द्या. मग स्क्रेपर गरम पाण्यात बुडवा, कोरडा पुसा, आणि अगदी हलक्या हाताने एकच फेरी. गरम स्टील वरचा पातळ थर नुसता विरघळवतं आणि बारीक भोकं बुजतात. न पुसता फिरवला तर पाण्याचे थेंब क्रीमवर डाग सोडतात, ते नंतर उन्हात धरल्यावर स्पष्ट दिसतात.

अमेरिकन बटरक्रीमला दुसरीही सोय आहे. हवा कोरडी असेल तर पंधरा-वीस मिनिटांत वर पापुद्रा धरतो. बोट लावून चिकटत नाही याची खात्री करून त्यावर गुळगुळीत बटर पेपर ठेवायचा आणि तळव्याने नाहीतर फाँडंट स्मूदरने (मुठीच्या गुळगुळीत, सपाट प्लास्टिकच्या पट्टीने) हलकेच घासायचं. राहिलेल्या रेघा जातात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत हा पापुद्रा धरतच नाही, तेव्हा गरम स्क्रेपरच वापरा.

वरची कड

बाजू नीट झाल्या की वर एक क्रीमची उभी कड उरते, ती खोडू नका, तीच तुम्हाला धारदार काठ देणार आहे. केक जरा गार झाल्यावर स्वच्छ ऑफसेट स्पॅच्युला आडवा, जवळजवळ सपाट धरून बाहेरून मध्याकडे एक झटका, उचला, पुसा, केक थोडा फिरवा, पुढचा झटका. पुसणं दर वेळी. मध्यावर साचलेलं क्रीम शेवटी एका लांब हाताने काढून टाका. मऊ क्रीमवर हे केलं तर काठ बाहेरच्या बाजूला वाकतो आणि मग बाजूही परत कराव्या लागतात.

काठ अगदी कातीव हवा असेल, फोटोसाठी किंवा कुणाच्या साखरपुड्यासाठी, तर ॲक्रिलिकच्या दोन सारख्या गोल चकत्या आणा, केकपेक्षा एक-सव्वा सेंटीमीटर जास्त व्यासाच्या. एक खाली, एक वर, वरच्या चकतीला आतून बटर पेपर. दोन्ही एकमेकींच्या अगदी वर आहेत ना ते गुण्याने पाहायचं, मधली जागा क्रीमने भरायची आणि दोन्ही चकत्यांना टेकवून स्क्रेपर फिरवायचा. पूर्ण कडक होईपर्यंत, तासभर तरी फ्रिज, मग गरम सुरीने वरची चकती सोडवून कागद सोलायचा. घरच्या वाढदिवसाला एवढं करण्यात मला राम दिसत नाही. काठ किंचित मऊ असला तर केक घरचा दिसतो, आणि आहेच तो घरचा.

क्रीम बिघडलं तर

क्रीम दाणेदार, फुटल्यासारखं दिसलं आणि तळाशी पाणी सुटलं तर ते बहुधा फार गार आहे. भांड्याला बाहेरून गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळा आणि हळू फेटत राहा, जुळून येतं. उलट पातळ, चमकदार आणि ओघळतं झालं तर फार गरम, म्हणून १५-२० मिनिटं फ्रिज आणि परत फेटणं. दोन्ही वेळा साखर वाढवायचा मोह होतो. तापमान बरोबर केल्याशिवाय साखरेला हात लावू नका. फेटलं की परत हवा आली, त्यामुळे उलथण्याने मोडण्याची पायरी परत.

पावसाळ्यात केक फ्रिजमधून काढला की दहा मिनिटांत त्यावर घाम येतो. पुसायला जाऊ नका, बोटाचा ठसा तेवढा उरेल. एसीच्या खोलीत तसाच राहू द्या, सुकतो. त्याहून बरं म्हणजे केक फ्रिजमध्येच खोक्यात घालून, बंद खोकं बाहेर काढायचं आणि अर्ध्या तासाने उघडायचं. ओल खोक्यावर धरते, केकवर कमी. गडद रंगाची नक्षी असेल तर हे कराच, नाहीतर रंग पांढऱ्यावर उतरतो.

खंडेराव मार्केटमधून ताजे गुलाब आणून केकवर खोचायची फार हौस असते. बाजारातली फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांवर फवारणी झालेली असू शकते. देठाला क्लिंग फिल्म किंवा पातळ स्ट्रॉ लावून खोचा आणि कापण्याआधी काढून टाका.

नेणं, कापणं, उरलेलं

मांजलपूरहून कारेलीबागेत केक न्यायचा तर तो रात्रभर फ्रिजमध्ये कडक झालेला हवा. गाडीत पुढच्या सीटखालची पायांची जागा सपाट असते, खोकं तिथे, खाली न घसरणारा मॅट, आणि एसी निघायच्या दहा मिनिटं आधीपासून सुरू. सीट उतरती असते आणि मांडी गरम. ॲक्टिव्हावर पुढे पायांशी ठेवून नेणारे पाहिले आहेत. डिसेंबरच्या सकाळी कदाचित, एप्रिलच्या दुपारी अजिबात नाही.

गार बटरक्रीम तोंडात घट्ट, मेणासारखं लागतं आणि चवही दबते. कापायच्या आधी एसीच्या खोलीत अर्धा तास, साध्या खोलीत उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं पुरेत. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापली तर थर ओढले जात नाहीत. व्हिपच्या केकची सवय असलेल्या पाहुण्यांना तुकडे लहान द्या.

उरलेलं क्रीम हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने राहतं. कांदा-लसणाचा वास लोणी पटकन ओढून घेतं, म्हणून डबा खरोखर घट्ट झाकणाचा हवा. फ्रीझरमधलं आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढा, सकाळी १८-२० अंशांवर आणा आणि परत फेटून, परत मोडून वापरा.